भट्टीची पारख

नव्या घराचें स्वयंपाकघर आंखलें जात असतां एक क्षण ठरलेला असतो. सुतार कागदावर उंच कपाटाच्या मधोमध एक चौकोन काढतो, पेन्सील कानावर ठेवतो आणि विचारतो, "साहेब, येथें ओव्हन कोणता बसणार? माप सांगा, म्हणजे फळी कापतों." साहेबांजवळ उत्तर तयार असतें. त्यांनीं दुकानांत काळ्या कांचेचा, निळ्या अक्षरांत वेळ दाखविणारा एक ओव्हन पाहिलेला असतो. त्याची किंमत लाखाच्या घरांत जाते आणि त्याचें नांव उच्चारतांना जीभ थोडी अडखळते. एवढ्यावरून तो उत्तम असलाच पाहिजे अशी त्यांची खात्री झालेली असते. ज्या व्यक्तीस त्या ओव्हनसमोर पुढील पुष्कळ वर्षें उभें राहावयाचें आहे, ती त्या वेळीं बहुधा शेजारच्या खोलींत सुतारासाठीं चहा ओतीत असते.

फळी एकदां कापली गेली कीं निवड संपली. गॅसची शेगडी मनास येत नसेल तर ती उचलून दुसरी ठेवतां येते. भिंतींतल्या कपाटांत बसविलेल्या ओव्हनचें तसें नाहीं. युरोपीय ओव्हन सामान्यतः ६० सेंटिमीटर रुंदीच्या कपाटासाठीं बनविलेले असतात, अमेरिकन ओव्हन २४, २७ व ३० इंच रुंदीचे. एका मापाच्या खोबणींत दुसरें माप बसत नाहीं. आणि त्याच मापाचा, पण दुसऱ्या कारखान्याचा ओव्हनहि कधीं उंचीनें, कधीं मागील वायरच्या जागेनें, तर कधीं हवा खेळण्याच्या फटीनें अडून राहतो. चूक झाली तर कपाटच मोडावें लागतें. म्हणून ही खरेदी घाईनें करण्याची नव्हे, आणि एकट्यानें करण्याची तर नव्हेच नव्हे.

स्वयंपाकघरांतील श्रीमंती वस्तु म्हणून जिचें नांव युरोपांत जवळजवळ शंभर वर्षें घेतलें जात आहे, त्या 'आगा' नांवाच्या रेंजची जन्मकथा येथें सांगण्यासारखी आहे. स्वीडनमधील गुस्ताफ डालेन हा मोठा यंत्रशास्त्रज्ञ. दीपगृहांतील व समुद्रावर तरंगणारे दिवे सायंकाळीं आपोआप पेटावेत आणि सकाळीं आपोआप विझावेत अशी युक्ति त्यानें काढली. तिच्यामुळें ॲसिटिलीन वायूची मोठी बचत झाली आणि ओसाड खडकावर दिवा राखण्यासाठीं माणूस ठेवण्याची गरज पुष्कळ ठिकाणीं उरली नाहीं. १९१२ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. त्याच वर्षीं ॲसिटिलीनच्या टाक्यांची परीक्षा चालू असतां स्फोट झाला आणि डालेनची दृष्टि कायमची गेली. पारितोषिक घेण्यास तो जाऊं शकला नाहीं. त्याच्या वतीनें तें त्याच्या भावानें स्वीकारलें. हा भाऊ व्यवसायानें नेत्रवैद्य होता.

अंध झाल्यावरहि डालेननें कारखान्याचा कारभार सोडला नाहीं. १९३७ सालीं मृत्यु येईपर्यंत तो त्यानें चालविला. मात्र आजारपणांत घरीं बसून असतां पत्नी एल्मा हिची चुलीपुढील धडपड त्याच्या ध्यानांत येऊं लागली, असें सांगतात. कोळसा घालणें, राख काढणें, आंच चढली कीं वारा कोंडणें, उतरली कीं पुन्हां फुलविणें, भांडें करपूं नये म्हणून घडोघडी उठणें. दूर समुद्रांतल्या दिव्याला राखणदार लागूं नये म्हणून ज्यानें आयुष्य वेंचलें, त्याच्या स्वतःच्या घरांतील चुलीला मात्र दिवसभर राखणदार लागत होता. १९२२ सालीं त्यानें नव्या रेंजची रचना सिद्ध केली.

तिच्यामागील कल्पना साधी आहे. ओतीव लोखंडाचें जड शरीर, त्याभोंवतीं उष्णता बाहेर जाऊं न देणारा जाड थर, आणि आंत एक लहानसा विस्तव, तो मात्र अखंड. लोखंड उष्णता सांठवितें आणि सावकाश देत राहतें. वर दोन तवे, एक उकळण्याचा व एक मंद शिजण्याचा, दोहोंवर जाड झांकणें. खालीं कोठड्या, एक भाजण्याची, दुसरी तासन्‌तास मुरत ठेवण्याची. विस्तवाची निगा थर्मोस्टॅट राखतो. बटण फिरवून अंश लावण्याचें काम मूळच्या रेंजमध्यें नव्हतेंच. पदार्थ कोणत्या कोठडींत ठेवावयाचा एवढेंच काय तें ठरवावयाचें. १९२९ सालीं ही रेंज ब्रिटनमध्यें आली आणि तेथील मोठ्या घरांचें भूषण होऊन बसली. स्कॉटलंडमध्यें दारोदार फिरून ती विकणाऱ्या डेव्हिड ओगिल्व्ही या तरुणानें १९३५ सालीं आपल्या सहकारी विक्रेत्यांसाठीं एक पुस्तिका लिहिली; पुढें जाहिरातीच्या धंद्यांत त्याचें नांव जगभर झालें.

परंतु हीच अखंड पेटलेली रेंज वैशाखांत नागपुरास नेऊन ठेवावी! स्वीडनच्या हिवाळ्यांत जी रात्रंदिवस घराला ऊब देते, ती पारा ४५ अंशांवर गेलेल्या शहरांत शिक्षाच होईल. खुद्द ब्रिटनमध्येंहि २०२२ सालीं इंधनाचे दर भडकले तेव्हां अनेक घरांनीं ती विझवून ठेवली. हवी तेव्हां बंद करतां येईल अशा नव्या तऱ्हाहि आतां निघाल्या आहेत. डालेननें आपल्या घरचे कष्ट ओळखून यंत्र योजिलें. तें यंत्र केवळ नांवासाठीं दुसऱ्याच्या घरीं नेऊन ठेवण्यांत काय स्वारस्य? विचारावयाचें तें हें कीं, या घरांत काय भाजलें जातें, कोण भाजतें आणि वर्षांतून किती वेळां.

भाजणें ही महाराष्ट्राला नवी विद्या नाहीं. ओव्हन घरांत येण्यापूर्वीं पातेल्याखालीं निखारे आणि झांकणावर निखारे ठेवून भानोलें होत असे. गोव्याचा बेबिंका मुख्यतः वरच्या निखाऱ्यांवरच सिद्ध होतो. एक पातळ थर ओतावयाचा, वरून आंच देऊन तो तांबूस करावयाचा, मग त्यावर दुसरा. दिवाळीच्या सुमारास नानकटाईचें पीठ मळून डब्यांतून बेकरींत नेण्याची आणि तेथल्या भट्टींत भाजून आणण्याची चाल कित्येक शहरांत होती. या तीन पदार्थांना आंच लागते ती तीन प्रकारची, आणि ओव्हनची पारख करण्यास हे तीन पदार्थ पुरेसे आहेत.

विजेच्या ओव्हनमध्यें खालीं एक कॉइल, वर एक कॉइल आणि मागें पंखा असतो. भानोल्याला खालची व वरची दोन्ही हव्यात. बेबिंक्याला फक्त वरची हवी, आणि तीहि बेताची. पुष्कळ ओव्हनमध्यें ही वरची कॉइल, जिला ग्रिल म्हणतात ती, एक तर पूर्ण लाल होते नाहीं तर पूर्ण विझते. मग थर वरून काळा आणि आंतून कच्चा. चांगल्या ओव्हनमध्यें तिचा जोर कमी-अधिक करतां येतो. ज्या घरांत गोव्याची सून आहे त्या घरानें विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच विचारावा.

नानकटाईचे दोन ट्रे एकाच वेळीं भाजावयाचे असतील तर पंखा फार उपयोगी पडतो. पण येथें दुकानांतील भाषा फसवी आहे. पंख्याभोंवतीं स्वतंत्र गोल कॉइल असेल तर वाराच गरम होऊन येतो. ती नसेल तर पंखा केवळ खालची-वरची उष्णता ढवळीत बसतो. दोन्ही प्रकारांना 'कन्व्हेक्शन' हें एकच नांव दिलेलें आढळतें, तेव्हां मागील पत्र्याआड कॉइल आहे कीं नाहीं हें स्पष्ट विचारून घ्यावें. वारा पदार्थावरील ओलसर हवेचा थर उडवून लावतो. त्यामुळें पंखा चालू असतां पाककृतींत दिलेल्या उष्णतेपेक्षां सुमारें २० अंश सेल्सिअस कमी ठेवावे लागतात. तांबूस रंग व खमंग वास यांमागील रसायनक्रिया लुई-कामिय मैयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं, म्हणजे डालेनची दृष्टि गेली त्याच वर्षीं, प्रसिद्ध केली. प्रथिनांचे घटक आणि साखर यांचा तो संयोग आहे. पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या आसपास तापेपर्यंत ही क्रिया जोरानें होत नाहीं. वारा जें साहाय्य करतो तें पृष्ठभाग कोरडा करण्याचें. स्पंज केक किंवा कॅरॅमल कस्टर्ड यांना मात्र वारा मानवत नाहीं. त्यांच्यासाठीं पंखा बंद करतां आला पाहिजे.

मग महागाच्या ओव्हनमध्यें अधिक पैसे कशाचे पडतात? कांहीं नांवाचे, कांहीं कांचेचे, पण कांहीं खरोखरीच गुणाचे. १८० अंशांवर लावलेला ओव्हन सतत १८० अंशांवर राहतो असें नाहीं. कॉइल पेटते, उष्णता चढते; कॉइल विझते, उष्णता उतरते. हलक्या ओव्हनमध्यें हा झोका मोठा असतो, चांगल्यांत लहान. दाराला तीन किंवा चार कांचा, घट्ट बसणारी रबरी कड, पूर्ण बाहेर ओढली तरी न कलणारी जाळी, ट्रेच्या चारहि कोंपऱ्यांना सारखी आंच, या गोष्टींना पैसे मोजावेत. याउलट चाळीस तयार कार्यक्रमांना भुलूं नये. धुलाईयंत्राचीं दोन बटणें सोडून ज्यांनीं आजवर तिसरें दाबलें नाहीं, अशा गृहस्थांनाच या चाळीस कार्यक्रमांचा मोह अधिक पडतो, हें एक नवल आहे.

कोणत्याहि किंमतीला न मिळणारी एक वस्तु आहे, ती म्हणजे तंदूर. घरगुती ओव्हनची धांव बहुधा २५० ते ३०० अंशांपर्यंत. नेपल्सचा पिझ्झा ४३० अंशांच्या वरच्या भट्टींत दीड मिनिटाच्या आंत तयार होतो. तंदुरांतील नानाचीहि गोष्ट तशीच. ओव्हनमध्यें जाड लोखंडी पत्रा किंवा दगडी लादी तापवून कांहीं अंशीं जवळ जातां येतें, पण ढाब्यावरची नान घरीं निघेल या आशेनें लाख रुपये देणारा निराश होतो.

विजेचा विषय कंटाळवाणा खरा, तथापि तो टाळतां येत नाहीं. भारतांत घरगुती वीज २३० व्होल्टची. मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटमधून १६ अँपिअर मिळतात, म्हणजे फार तर ३,६८० वॉट. बहुतेक ओव्हन तीन हजारांच्या आगेमागे वॉट ओढतात. अर्थात् ओव्हनसाठीं मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर, तिचा स्वतंत्र एमसीबी आणि उत्तम अर्थिंग ही पहिली अट. गिरगांव-दादरच्या किंवा पुण्याच्या पेठांतील जुन्या इमारतींत मूळची वायर दिवे-पंख्यांसाठीं टाकलेली असते. तेथें ओव्हन घेण्यापूर्वीं वायरमनला बोलवावें. मिक्सरच्या बोर्डावर एक्स्टेन्शन लावून ओव्हन चालविणें म्हणजे घरांत निखारा पदराखालीं ठेवणें होय. वीजबिलाची मात्र लोकांना वाटते तेवढी भीति नको. एक तास भाजण्यास साधारणतः एक युनिटाच्या आसपास वीज लागते.

अमेरिकेंत बरींच वर्षें राहून परतणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथला प्रशस्त ओव्हन बरोबर आणावासा वाटतो. तेथील ३० इंची ओव्हनचें पोट इकडील ओव्हनच्या जवळजवळ दुप्पट असतें, म्हणून हा मोह समजण्यासारखा आहे. पण तेथील योजना निराळी. १२० व्होल्टच्या दोन तारा मिळून २४० व्होल्ट, ६० आवर्तनें, आणि ३० ते ५० अँपिअरची स्वतंत्र जोडणी. इकडे ५० आवर्तनें. त्या ओव्हनचे दिवे, पंखे आणि विद्युत्पटल त्या योजनेवर बेतलेले असतात, आणि बिघाड झाल्यास भाग इकडे मिळत नाहींत. जहाजाचें भाडें भरून आणलेली ही वस्तु अखेर भांडीं ठेवण्याचें कपाट होते.

भिंतींतला ओव्हन न घेतां खालीं ओव्हन व वर शेगडी अशी एकजीव रेंज घेणारीं घरेंहि आहेत. ती दिसते मोठी रुबाबदार. तिच्या बाबतींत ज्वाला पाहावी, आणि ती मोठी नव्हे, लहान पाहावी. विक्रेता १५,००० बीटीयूच्या बर्नरची प्रौढी सांगतो. म्हणजे सुमारें ४.४ किलोवॉट उष्णता, आणि फोडणीला किंवा चिनी पद्धतीच्या भाजीला ती ठीकच. पण बासुंदी आटवितांना सर्वांत बारीक ज्योत किती बारीक राहते व वाऱ्यानें विझते कीं काय, यावर गृहिणीची दुपार अवलंबून असते. जड लोखंडी जाळ्या सपाट तळाच्या भांड्यांसाठीं केलेल्या असतात. गोल बुडाची कढई त्यांवर डुलते. घरची कढई व तवा दुकानांत घेऊन जाण्यास संकोच वाटूं नये. गॅसच्या प्रकाराचाहि प्रश्न आहे. सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस यांचे जेट निराळे. जेट न बदलतां जोडणी केली तर ज्वाला एक तर भडकते किंवा मरगळते. हें काम अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावें. आंतील ओव्हनहि गॅसवर चालणारा असेल तर ज्वलनांतून पाण्याची वाफ सुटते, त्यामुळें भाजणी किंचित् ओलसर होते. नानकटाई-बिस्किटांची आवड असणाऱ्यांनीं वर गॅस व खालीं वीज अशी रेंज पाहावी. इंडक्शनची रेंज हवी असेल तर घरांतील भांड्यांना एक लोहचुंबक लावून पाहावें. तांबें, पितळ आणि ॲल्युमिनियमचे जुने कुकर यांना तो चिकटत नाहीं, आणि तीं भांडीं तेथें चालणार नाहींत.

वाफेच्या ओव्हनचा सध्यां बराच बोलबाला आहे. उकडीचे मोदक त्यांत सुरेख होतात, पाव फुगतो आणि त्याची कड खुसखुशीत येते. पण बोअरचें जड पाणी घातलें तर थोड्याच दिवसांत आंत क्षार धरतो. स्वतःला ४५० अंशांहून अधिक तापवून आंतील तेलकटपणाची राख करून टाकणारा ओव्हन मांसाहारी घरांत सोयीचा. केक-बिस्किटांपुरता वापर असेल तर ओलें फडकें पुरतें.

उंचीविषयीं मात्र घरांतील वडील स्त्रीचें मत अखेरचें समजावें. दुकानांत ओव्हन कोठल्याहि उंचीवर देखणाच दिसतो. घरीं २०० अंशांचा, तीन किलो वजनाचा ट्रे खालीं वाकून, उघड्या गरम दारावरून ओढून काढावयाचा असतो. सासूबाईंना विचारलें तर त्या एकाच वाक्यांत निकाल देतात, "अगं, कमरेच्या खालीं असेल तर मला तो नसल्यासारखाच." भिंतींतला ओव्हन रेंजपेक्षां सरस ठरतो तो मुख्यतः याच एका मुद्द्यावर, तो कोपराच्या उंचीवर बसवितां येतो, आणि घरांत रांगतें मूल असेल तर त्याच्या हातापासून दूरहि राहतो. त्याच्या शेजारीं गरम ट्रे टेकविण्यास हातभर मोकळा ओटा ठेवण्यास सुतारास बजावून सांगावें. नकाशांत ही जागा हटकून विसरली जाते.

आणि दिवाळींत दोनदां व मुलांच्या वाढदिवशीं एकदां, एवढाच ज्या घरांत ओव्हनचा उपयोग, त्या घरानें हा चौकोन कापूंच नये. ओट्यावर ठेवण्याचा साधा, दोन कॉइलींचा ओव्हन तेवढें काम नीट करतो, आणि उरलेल्या दिवसांत कपाटांत जातो. विक्रेता हें सांगणार नाहीं. सांगावें अशी त्याच्याकडून अपेक्षाहि नाहीं.

ज्यांनीं विचारान्तीं ओव्हन घेतला त्यांनीं पहिल्या दिवशीं खिडक्या उघड्या ठेवून तो तासभर रिकामाच पूर्ण तापवावा. कारखान्यांतील तेलाचा वास त्यानें निघून जातो. दुसऱ्या दिवशीं मोठ्या ट्रेवर पावाचे काप एकमेकांस लागून कडेपर्यंत मांडावेत आणि १८० अंशांवर ते रंग धरूं लागेपर्यंत भाजावेत. मागचा उजवा कोंपरा काळवंडला आणि पुढची रांग पांढरीच राहिली, असें बहुधा दिसेल. कोणताहि ओव्हन सर्वस्वीं निर्दोष नसतो. कोणत्या जागीं आंच तीव्र आहे तें एका चिठ्ठीवर लिहून शेजारच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावें. नानकटाईचा ट्रे अर्ध्या वेळानें फिरवून ठेवावयाचा कीं नाहीं, हें दिवाळीच्या गडबडींत त्या चिठ्ठीवरून कळतें.